काकांचा उजवा हात

"झालं ना बाप्पा! आता काहून रडून राहिली?" असं म्हणेपर्यंत काकांनी बाळाच्या कानात सोन्याची तार घातलेलीही असायची. सदर बाजारात त्यांचं सोनारकामाचं टीचभर दुकान, माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागून. तुम्ही रायपूरचे असाल तर तुमच्या घरातला एखादा कान त्यांनीच टोचलेला असेल.

शुगर होती, पण ऐकतील तर शपथ! चहा बिनसाखरेचा प्यायचे आणि दुपारी डबाभर बासी चापायचे, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात. मी टोकलं की म्हणत, "बासी ठंडी असते वहिनी. तिच्यात शुगर कुठून येईन?" गोळ्या तर कधीच्याच सोडलेल्या.

एका सकाळी त्यांचा उजवा हात आपोआप उडायला लागला. वळायचा, झटकायचा, बोटं नाचायची. काका तो मांडीखाली दाबून बसत, तर मेला मांडीसकट हलायचा. बाजारातले म्हणाले, "काका, वरातीत निघाले का?" मलाही आधी हसू आलं. मग एक बाई तान्ही पोट्टी घेऊन आली, तिनं तो हात बघितला आणि आल्या पावली परत गेली. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

"मले मरू द्या, पण हात असा नको," म्हणत डॉक्टरांपुढे ते ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाले, हा लकवा नाही, साखर फार चढली की कधीकधी असं होतं. इन्सुलिन घ्या, बहुतेक थांबेल. जन्मभर लोकांचे कान टोचणारा हा माणूस सुईला टरकायचा! तरी घेतली. बासीही सोडली. सून बाळंतपणाला माहेरी होती, नात झाली होती. तिचे कान आपणच टोचायचे, एवढाच ध्यास.

हळूहळू हात खरंच शांत झाला. सून आली त्या दिवशी काका मला ओढतच घरी घेऊन गेले. दारातच तिच्यापुढे हात धरला. "पाह्य ना बेटा, हलते का? आण पोट्टीले."

सुनेनं मान खाली घातली. "बाबूजी, कान तो वहीं छिदवा लिए. वीडियो कॉल पे आपका हाथ देखा था... डर लगा."

पोट्टीच्या कानांत बारीक खडे चमकत होते. काकांनी हात मागे घेतला नाही. तो जराही हलत नव्हता.

"वहिनी," ते मला म्हणाले, "मंग हा थांबला काहून?"