वाळूवरून न उठणारी मैत्रीण

भडभुंज्याच्या कढईतल्या तापल्या वाळूचा वास आला की मला जोधपूरची नर्सेसची परिषद आठवते. मी आणि माझी मैत्रीण, कर्जतच्या दवाखान्यातल्या दोघी नर्स. परिषद संपल्यावर सगळ्यांबरोबर जीपने वाळवंट पाहायला गेलो. भातखाचरं बघत वाढलेल्या मला ती सरकती, उघडी वाळू बेचैन करत होती. मैत्रीण मात्र टेकाडावर बसली ती उठेचना. "चल गं, जीप निघाली," मी म्हटलं. "घरी जाऊन परत मारच खायचा हाय ना?" ती म्हणाली. तिच्या नवऱ्याचं हे मला तेव्हाच कळलं. मी तिचा हात धरून तिला जीपपर्यंत आणलं. कर्जतला उतरल्यावर ती सासरच्या, खालापूरच्या एसटीत चढलीच नाही. माहेरच्या, पोशीरच्या गाडीत बसली. आता आम्ही दोघी पेन्शनर आहोत, आणि तिचा पत्ता अजून पोशीरचाच आहे.