किंमत विचारणारे नकोत

नेटवर घोंगड्या विकायचं ठरवलं आणि ज्यांना त्या खरोखर घ्यायच्या होत्या, नेमक्या त्याच माणसांना मी माझ्या जाहिरातीतून वगळलं. स्वतःच्या हातानं, विचारपूर्वक.

दिंद्रुडला आमचं कापडाचं दुकान. बाजार खुला झाला तशी गुळगुळीत, वाघ छापलेली ब्लँकेटं ट्रकांनी यायला लागली आणि घोंगडीकडं कुणी ढुंकून बघेना. माळावरचा एक मेंढपाळ घरच्या मेंढरांची लोकर कातून, चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगड्या विणायचा आणि माझ्याकडं विकायला टाकायचा. मी त्याला मामा म्हणायचो. त्या घोंगड्यांचा ढीग छताला टेकला तेव्हा मामा म्हणाला, "अप्पा, ही थंडी सरायच्या आत ह्या हालल्या तर ठीक. न्हाई तर मेंढरं इकतो, माग मोडतो अन् परळीला थर्मलच्या राखंच्या गाडीवर हमालीला जातो."

"असं कावून म्हणता मामा? मी हाय की."

"तुमी हाव म्हणूनच भ्या वाटतंय."

तेव्हा सगळीकडं इंटरनेटची हवा होती. मी बीडला जाऊन एका क्लासात बसलो. तिथल्या सरांनी सोपं करून सांगितलं. गिऱ्हाईक जे शब्द लिहून शोधतं ते आपण निवडायचे. कुणी ते लिहिले की आपली जाहिरात वर दिसते आणि त्यानं तिच्यावर बोट ठेवलं की आपले पैसे कापले जातात. "म्हणून नुसतं बघणाऱ्यांचे शब्द सोडा," सर म्हणाले, "खिशात हात घातलेल्यांचे धरा. 'घोंगडी किंमत', 'घोंगडी घरपोच', असे."

मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, ह्यांनी आयुष्यात कधी गल्ल्यावर बसून बघितलेलं दिसत नाही. आमच्या बाजारात दारातूनच भाव विचारणारा म्हणजे न घेणारा. खरं गिऱ्हाईक आधी बसतं, चहा पितं, पाऊसपाण्याचं बोलतं, माल चोळून बघतं आणि उठता उठता विचारतं, "मंग, काय द्यायचं?" जाहिरातीत नको असलेले शब्द लिहायला एक जागा होती; ते शब्द लिहून शोधणाऱ्याला जाहिरात दिसत नाही. तिथं मी टाकलं: किंमत, भाव, दर, स्वस्त. हवा असलेला शब्द मात्र एकच दिला, तोही शुद्ध, पुस्तकी: 'घोंगडे'. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचा काहीतरी उपयोग व्हायला नको?

झाला. जाहिरात उघडून बघणाऱ्यांचा आकडा रोज फुगायला लागला. मी माळावर जाऊन मामाला सांगितलं, "सगळा महाराष्ट्र घोंगडं धुंडाळतोय." त्या दिवशी मेंढरं बघायला एक व्यापारी आला होता. चांगला भाव देत होता. मामानं माझ्या तोंडाकडं बघितलं, व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मागावर नवं सूत चढवलं.

मग जाहिरातीत नंबर दिलेला दुकानातला फोन वाजला. लहान मुलीचा आवाज.

"घोंगडेवाले काका का?"

"बोला ताई, बोला! किती पाठवू?"

"काका, घोंगडे भिजत पडणे म्हणजे काय?"

मी म्हटलं, "काम रेंगाळत राहणं."

"वाक्यात उपयोग पण सांगा ना."

सांगितला. काय करणार? परीक्षा जवळ आल्या होत्या. वाक्प्रचारांचे अर्थ शोधणारी पोरं थेट माझ्या जाहिरातीवर येऊन धडकत होती. त्यानंतर फोन येतच राहिले. एका पोराला तर मी सांगितलेलं वाक्य फार लांब वाटलं. प्रत्येक पोरामागं माझे पैसे कापले जात होते आणि ज्या बापड्याला घोंगडीची किंमत जाणून घ्यायची होती, त्याला माझी जाहिरात दिसतच नव्हती.

इथपर्यंत मी हे हसत सांगतो. पुढचं हसून सांगता येत नाही.

शब्द बदलले, तोवर ऊन तापलं होतं. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात लोकरीकडं बघूनच घाम फुटतो. एकही घोंगडी गेली नाही. माळावरचं गवत वाळलं. व्यापारी परत आला, पण आता मामाची अडचण त्याला दिसत होती. त्यानं मेंढरं पडत्या भावात नेली. ती टेकाडामागं दिसेनाशी झाली तरी मामा तिकडंच बघत उभा होता, असं त्याच्या शेजाऱ्यानं मला सांगितलं. मला ते बघायला जायचा धीर झाला नाही.

गेलो तो माग मोडल्यावर. मागापुढं पाय सोडून बसायचा खड्डा मामा मातीनं बुजवत होता. नवं सूत अर्धवट विणलेलंच कापून कोपऱ्यात टाकलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामा, माझं कुठं चुकलं ते आता कळलं. बरोबर शब्द सापडलेत. पुढल्या थंडीला बघा तुम्ही..."

मामानं फावडं टेकवलं. चिडला नव्हता. भाकरी खाल्ली का, असं विचारावं तशा आवाजात म्हणाला,

"अप्पा, तुमाला गिऱ्हाईक कधीच कळलं न्हाई. बापानं दुकान ठिवलं म्हणून बसलाव, बस्स."