सरूचा साबण

सरू गेल्याचं कळलं तेव्हा मी धुण्याला बसले होते. तिचे यजमान, आमच्या गल्लीतले मास्तर, मागच्या दारी येऊन उभे राहिले, "वहिनी, संपलं" एवढंच म्हणाले आणि तसेच परत फिरले. हातातलं लुगडं मी पिळतच राहिले, पाणी निथळून गेलं तरी पिळतच राहिले... महिना उलटला त्याला. क्षयानं गेलेल्या माणसाबद्दल लोक हळू आवाजात बोलतात, तेही दार लोटून. मला ते जमत नाही. माझा आवाज जन्माचाच मोठा.

सरू सायखेड्याची. शेतकऱ्याघरची लेक. नाशकात मास्तरांच्या घरी नांदायला आली तरी तिचं "लय" आणि "नाय" सुटलं नाही, आणि मी तिला त्यावरून चिडवायचं सोडलं नाही. ते बहिष्काराचे दिवस. विलायती साबणात चरबी असते, साबण घरीच करा, असं कुणीसं सभेत सांगितलं आणि गल्लीतल्या सगळ्या बाया पेटून उठल्या. आठवड्याभरात विझल्याही. राहिली एकटी सरू. पहिल्या खेपेला तिनं माझं नुकतंच कल्हई केलेलं पातेलं मागून नेलं आणि त्यातच कॉस्टिक सोडा कालवला! कॉस्टिकनं कल्हई पार खाऊन टाकली. "अगं बये, साबण करत होतीस की माझ्या संसाराला सुरुंग लावत होतीस?" मी ओरडतेय आणि ही तोंडाला पदर लावून हसतेय. पुढे तिनं लोखंडी घमेलं घेतलं. कॉस्टिकचं पाणी निवू द्यायचं, करडईच्या तेलात ते धारेनं सोडायचं, लाकडी दांड्यानं एकाच अंगाला घोटत राहायचं आणि दाटून आलं की खोक्यात ओतायचं. वड्या व्हायच्या पिवळट, ओबडधोबड, पण मळ असा काढायच्या की विचारू नका. सगळी गल्ली तिच्याकडून वड्या न्यायची.

मग तिला खोकला लागला. रोज संध्याकाळी ताप. एक दिवस पदरावर रक्त दिसलं आणि डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं. गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? परटानं त्या घरचे कपडे न्यायचं बंद केलं. आणि बायांनी काय करावं? घरात उरलेल्या वड्या मुकाट्यानं तिच्या ओट्यावर आणून ठेवल्या. साबण हो, साबण! ज्यानं घाण जायची त्याचीच यांना भीती. मी त्या ओट्यावर उभी राहून एकेकीचा नाव घेऊन असा उद्धार केला, की शेवटी सरूच आतून म्हणाली, "जाऊ द्या, आक्का. मला लागतीलच त्या."

लागणारच होत्या. तिची मथी पाच वर्षांची, आईच्या पदराला चिकटलेली पोर. तिला जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवसापासून सरूच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नाही. मथीला हे लागता कामा नये, बस. अंथरूण वेगळं, ताटवाटी वेगळी. स्वतःचे कपडे मागच्या अंगणात उकळायची, साबणानं घासायची, पुन्हा उकळायची. धाप लागली की भिंतीला टेकायची, आणि परत घासायला बसायची. बोटांना भेगा पडून रक्त यायचं. मी धुते म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारायची.

पण पाच वर्षांच्या पोरीला क्षय काय सांगणार? आपल्याकडे बाई महिन्याची बाजूला बसली की मुलांना सांगतात, आईला कावळा शिवलाय, तिला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी आई न्हाली की मूल मांडीवर. सरूनं तेच सांगितलं. मथी शहाण्यासारखी लांब राहिली. चौथ्या दिवशी धावत आली, तर आई म्हणते, "थांब! पुन्हा शिवला." मग पुन्हा शिवला. मग पुन्हा... पोर काठी घेऊन अंगणात कावळे हाकलत बसायची, जेवायला बोलावलं तरी उठायची नाही. मला बघवेना. "अगं, किती फसवशील तिला? एकदा तरी पोटाशी धर," मी म्हटलं. सरूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "रुसू द्या, आक्का. रुसलेली पोर जगती." मी घरी येऊन देवाला शिव्या घातल्या. चांगल्या मोठ्यानं.

वर्षावर चाललं हे. शेवटी तिला दांडाही धरवेना, तेव्हा मी घोटायची आणि ती खाटेवरून सांगायची, "एकाच अंगाला, आक्का, नायतर फुटंल." अगदी शेवटी मास्तरांनी मथीला खोलीच्या दारात उभं केलं होतं. सरू तिच्याकडे नुसती बघत होती. पोरीनं आत पाऊल टाकलं तशी सरूनं हात वर केला. बोलायला आवाज उरलाच नव्हता. पोर मागं सरेपर्यंत तो हात तिनं तसाच धरून ठेवला. कुठून बळ आणलं असेल, देव जाणे.

डॉक्टरांनी नंतर मथीची छाती तपासली. साफ आहे म्हणाले. मास्तरांनी तिला सायखेड्याला मामाकडे ठेवलंय. परवा मी जाऊन आले. सरूनंच उकळून, कडक उन्हं दाखवून, बांधून ठेवलेली लुगडी होती, त्यांची मामीनं गोधडी शिवली होती. "पोर लय गप असती हो," मामी म्हणाली, "म्हटलं हिच्यात तरी झोपंल." मथीनं गोधडी नाकाला लावली. इकडून हुंगली, तिकडून हुंगली, उलटी करून हुंगली. मग नीट घडी घातली आणि मामीच्या हातात परत दिली. "ही आईची नाय," म्हणाली. "हिला साबणाचा वास येतो."

गोधडी मी नाशकाला घेऊन आले. मला सरूचा वास म्हणून हाच ठाऊक. पोरीला ठाऊक होता तो वास सरूनं आपल्या हातानं धुऊन टाकला.