तातवाल्या मावशीचा कान

देशाच्या महिला टेनिस संघात पाच मुली, एक कप्तान आणि एक मावशी. मुलींची नावं फलकावर झळकत. मावशीचं नाव सामानाच्या यादीत, यंत्राच्या खालच्या ओळीत.

रॅकेटची तात ओढून जाळी विणणं हे तिचं काम. सामना कुठल्याही देशात असो, तिला स्टेडियमच्या पोटात एक बिनखिडकीची खोली मिळे. एक दिवा, एक टेबल, त्यावर तात ताणायचं यंत्र. बावीस वर्षं तिने जग पाहिलं ते असं. डोक्यावर हजारो माणसं टाळ्या वाजवत आणि ती खाली एकेक तात ओवत बसे. एकही सामना तिने डोळ्यांनी पाहिला नव्हता.

"बघतात काय, सगळेच," ती म्हणे. "मी ऐकते."

यंत्र ताणाचा आकडा दाखवी, पण मावशीचा भरवसा कानावर. विणून झालं की ती जाळीला नखाने टिचकी मारी आणि सूर ऐकूनच रॅकेट हातातून सोडी. पुढे मुलींनी तो नेमच केला. सामन्याआधी रॅकेट मावशीच्या कानाशी धरून टिचकी मारायची आणि मावशीने "जा" म्हणायचं. त्या "जा"शिवाय कुणी कोर्टवर पाऊल टाकत नसे.

वर्षभरापासून तो कान मिटत चालला होता. जवळचं बोलणं कळे, बारीक सूर गेले. मावशी आकडा बघून "जा" म्हणू लागली. कान गेला हे कळलं तर संघ सुटणार, आणि मग घरच्या दोन खोल्या, बोलायला भिंती.

त्या दिवशी दोन सामने जिंकलेले, दोन हरलेले. उरला दुहेरीचा. तो खेळणाऱ्या जोडीतली डावरी मुलगी धावत खाली आली, रॅकेट कानाशी धरली, टिचकी मारली.

"जा," मावशी म्हणाली.

डावरी हलली नाही. हाताला धक्का बसू नये म्हणून जाळीत रबराची गुंडी बसवतात, ती काढायला ती विसरली होती. गुंडी असली की जाळी वाजतच नाही, नुसती खट् करते.

"मावशी," ती तोंड जवळ आणून म्हणाली, "कधीपासून?"

मावशीने गुंडी पाहिली. "झालं असेल वर्ष. कप्तानाला सांगू नकोस गं."

"म्हणजे वर्षभर आम्ही तुझ्या 'जा'वर नाचतोय! धन्य आहेस!" डावरी हसली. मग हसू विरलं. "आणि ही? हिचा भरवसा धरू?"

मावशीने यंत्राकडे पाहिलं.

"आकडा बरोबर आहे. सुराचं मला सांगता यायचं नाही. आज मी 'जा' म्हणत नाही. तूच वाजव, तूच ऐक."

डावरीने गुंडी काढली, टिचकी मारली. "तोच आहे."

खरं की मन राखायला, मावशीला कळायला मार्ग नव्हता. पोर जिना चढून गेली.

मावशीने भिंतीवर तळवा टेकला. पुष्कळ वेळाने भिंत थरथरली आणि थरथरतच राहिली. टाळ्या होत्या, पण कुणासाठी, ते भिंत सांगत नाही. तिने उरलेली तात गुंडाळली, यंत्रावर कापड घातलं.

दार उघडलं. दारात कप्तान, धापा टाकत. एकेकाळी तिच्याही रॅकेटी मावशीनेच विणल्या होत्या. तिने बोलायला ओठ उघडले, तसा मावशीने हात वर केला.

"थांब. आधी माझं ऐक."