एका पंगतीतल्या कोंबड्या

कंपाउंडरांनी जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं पुड्या बांधल्या, पण त्यांना चुकूनही कुणी डॉक्टर म्हटलं नाही. कंपाउंडर ते कंपाउंडरच. बायकोसुद्धा भांडणात तेच म्हणायची. कुठलीही पूड जिभेच्या शेंड्यावर ठेवून ते तिच्यात काय किती आहे ते सांगत. या खोडीपायी दोनदा ओकाऱ्या झाल्या, तरी खोड जाईना.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. यांनी ब्रॉयलर कोंबड्या पाळल्या आणि त्यांच्या खाद्यात हळद, लसूण, ओवा, शेवग्याचा पाला यांची पूड मिसळायचा नाद घेतला. कोंबडी औषधांवाचून दणदणीत वाढेल आणि ही पूड बाजारात येऊन तिच्या डब्यावर आपलं नाव छापलं जाईल, एवढंच डोक्यात! एका खाद्य कंपनीला तीन वर्षं पत्रं धाडली, तेव्हा कुठे तिथला डॉक्टर म्हणाला, "एकच बॅच बघू. शेडमध्ये मधोमध जाळी लावा. उजवीकडे पूड, डावीकडे नुसतं खाद्य. पस्तिसाव्या दिवशी मी वजन करीन. फरक दिसला तर बोलू, नाहीतर पत्रं बंद."

कंपाउंडरांनी रोजची एक अशा पुड्या बांधल्या. भुशाच्या धुळीनं त्यांना दम लागे, म्हणून खाद्य घालायचं काम बायकोचं.

"उजवीकडे हं!" ते रोज दारातून ओरडत.

"बहिरी नाही मी," ती आतून.

पस्तिसाव्या दिवशी डॉक्टर काटा घेऊन आला. उजवीकडची सरासरी एक किलो नऊशे. डावीकडची एक किलो नऊशे. पुन्हा केलं. तेच.

"काही फरक नाही," म्हणून त्यानं कागदावर सही ठोकली, चहा नको म्हणाला आणि गेला.

"दोन्हीकडच्या छान झाल्यात की! तोंड कशाला पाडताय?" बायको म्हणाली.

"डावीकडच्या कशा होतील छान?"

"का, त्यांनी काय घोडं मारलं होतं? जाळीला चोची लावून बघत बसायच्या बिचाऱ्या. एका पंगतीत बसवून अर्ध्यांना कोरडं वाढायचं? मला नाही जमत. रोजची पुडी अर्धी अर्धी घातली."

कंपाउंडर भिंतीला टेकले. मग डॉक्टरला फोन लावून सगळं सांगितलं.

डॉक्टर हसला. "अहो कंपाउंडर, नापास झाली की पोरंही असंच काहीतरी सांगतात. ठेवतो."

बायको रडायला लागली होती. "डावीकडच्या कशाला ठेवल्यात, ते सांगायचं तरी मला!"

खरंच, सांगितलं नव्हतं. दवाखान्यातही सगळे साहेब 'ही पुडी बांध' एवढंच म्हणत. का, ते यांना कधी कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी कोंबड्या न्यायला व्यापाऱ्याची गाडी आली. माणसांनी जाळी गुंडाळून फेकली आणि दोन्हीकडच्या कोंबड्या मिसळूनच क्रेटांमध्ये कोंबल्या. चुकून जास्त बांधलेली एक पुडी फळीवर उरली होती. कंपाउंडरांनी ती सोडली, चिमूटभर जिभेवर ठेवली. हळद बरोबर, ओवा बरोबर. मग पूड उकिरड्यावर झटकली आणि कागदाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला.