हळदीचा अंगठा

माझी लेक पुण्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत व्हती, तवाची गोष्ट. तिनं जोडीला आणिक एक विषय घेतला. कॉम्प्युटरमधनं कुणी काही पुसून टाकलं, तर ते परत हुडकायचं, आन् कुणी पुसलं त्याचा माग काढायचा. म्या म्हणलं, "हे तर तुझा आज्जा शाळेत न जाता करायचा."

माझं माहेर शिरूरकडचं, मेंढरांवाल्यांचं. मेंढरू चोरीला गेलं की माझा बाप चोराचं पाऊल हुडकायचा आन् त्यावर वेताची पाटी पालथी घालायचा. वाऱ्यानं मोडू नये, कुणी तुडवू नये म्हणून. चार माणसं येऊन बघंस्तवर पाटीला हात लावायचा न्हाई. लेकीनं हे वहीत लिहूनच घेतलं.

मालक लवकर गेले. मेंढरं इकली, दुसऱ्यांच्या उसात खुरपलं, दिस काढले. त्याचं काय सांगायचं, सगळ्यांनीच काढलेत. पोरगी शिकती, एवढंच म्या बघितलं.

त्या साली दसऱ्याच्या सुट्टीला ती खुटबावला घरी आली ती एक खाकी पाकीट छातीशी धरून. वर लाखेचं सील, आत कॉम्प्युटरची डिस्क. "आये, हॉस्टेल बंद झालं म्हणून घरी आणलंय. हात लावू नको. सुट्टीनंतर हे म्याडमसमोर जसंच्या तसं फोडायचं, आन् आतलं पुसलेलं हुडकायचं. सांभाळणं बी परीक्षेतच धरत्यात. चुकलं तर ह्या विषयात नापास."

खंडेनवमीला सकाळी ती झेंडूची फुलं आणायला यवतला गेली. म्या खुरपं, विळा, बापाची लोकर कातरायची कातर, सगळं धुऊन पाटावर मांडलं. मनात आलं, आपली हत्यारं पुजायची आन् पोरीचं हत्यार कोंडून ठेवायचं? विळा काय कुणी पोत्यात ठेवून पुजतं? सील फोडलं. डिस्क खुरप्याशेजारी ठेवली आन् हळद कालवून अंगठ्यानं टेकवली.

लेक आली. फुलं दारातच हातातनं पडली.

"आये! सील कुणी तोडलं?"

"मीच की. बंद पाकिटाची कुठं पूजा व्हती व्हय?"

तिनं फोडलेलं पाकीट उचललं. "अगं, सील म्हंजी आज्जाची पाटी!"

तवा उजेड पडला. पाटी उचलून म्या पावलावर सडा घातला व्हता.

म्हणलं, "दुसरं पाकीट आण. लाख लावू. कुणाला कळतंय?"

रडता रडता ती हसाय लागली. "आये, असं करणाऱ्याला धरायचं, हाच विषय हाय माझा."

पाकिटासंगं एक कागद व्हता. वस्तू कुणाच्या हातात, कवा, कशापायी गेली ते त्यावर मांडायचं. तिनं लिहिलं, आईनं उघडलं, नवमीला सकाळी, पूजेसाठी.

"पाणी शिंपडलंस का?"

"न्हाई, तेवढं राहिलं."

"राहिलं ते बरं झालं बाई!"

सुट्टी संपल्यावर म्या बी यष्टीनं संगं गेले. चूक माझी, पोरीनं एकटीनं का ऐकून घ्यावं?

म्याडम तरणी, चष्मेवाली. कागद वाचला, डिस्क बघितली. "मावशी, हा पिवळा अंगठा तुमचाच कशावरून?" आन् शाईची डबी पुढं केली. सही येत न्हाई म्हणून जन्मभर अंगठाच उठवला, मान खाली घालून. त्या दिवशी ऐटीत उठवला. म्याडमनी भिंगातनं दोन्ही बघितले. "जुळला! चोर सापडला."

लेकीला हसू येईना. आतलं बिघडलं का, तेच अजून कळायचं व्हतं. डिस्कचा एक लांबलचक आकडा असतो, तो म्याडमनी देतानाच लिहून ठेवला व्हता. आत एक अक्षर हललं तरी आकडा बदलतो म्हणं. मशीन घरघर करत बसलं, म्या बिरोबाचं नाव घेत बसले. मग मशीननं काढलेला आकडा लेक बोट ठेवून लिहिलेल्याशी एकेक जुळवत गेली. शेवटचं जुळलं तवा तिनं माझा हात असा दाबला की कळ आली.

सील तुटलं म्हणून मार्क कापले, पण कागद खरा लिहिला म्हणून नापास केलं न्हाई. डिस्कमधनं पुसलेली एक चिठ्ठी व्हती, ती तिनं दुपारच्या आत हुडकली. म्या पदरानं हळद पुसाय गेले तर म्याडम वरडल्या, "हात लावू नका, मावशी! पुढच्या पोरांना दाखवायचीय."

पुढच्या खंडेनवमीला लेकीनं आपणहून एक बाद झालेली डिस्क आणली आन् खुरप्याशेजारी ठेवली. "हिला लाव किती लावायची ती हळद."

म्या हात मागं घेतला. म्हणलं, "कागद कुठाय? त्यावर माझं नाव लिही आधी."