मुरमावरची कणसं

नातसून शाळूच्या बियाण्यात कडुनिंबाचा पाला मिसळत होती. त्या कडू वासासरशी मी इंग्रजी अमदानीतल्या कन्हेरीत, आमच्या शिवारात जाऊन उभी राहिले.

मी नवी सून. सासूबाई पाटाकडेची टपोरी कणसं बियाण्याला निवडत होत्या. मी मुरमावरची बारकी कणसं ओटीत घेतली.

“ही कसली मरतुकडी गं?”

“आत्याबाई, पाण्याबिगर उभी राहिल्याती ही. आमच्या म्हायेरी, लोणीत, हेच बी धरत्यात.”

त्या हसल्या, पण बांधालगतचा तुकडा मला पेरू दिला.

पुढच्या साली पाटाला पाणीच आलं नाही. त्यांचा शाळू कणीस बाहेर पडायच्या आधी, पोटरीतच करपला, माझा दाण्यानं भरला. काढणीला आत्याबाई माझ्या तुकड्यात आल्या, ओटी पसरून म्हणाल्या, “कंचं कणूस घिऊ, सांग.”

सुनेला असं विचारायला केवढी छाती लागते, ते मला सून आल्यावर कळलं.